निळ्या घरातलं बाळ

रंगारणीच्या घरात कुणाचीच नखं नखांच्या रंगाची नव्हती. तिची स्वतःची पार मुळापर्यंत निळी, मुलाची टोकाला निळी आणि मध्ये हिरवट. मांजराला निळीच्या रांजणाच्या काठावर झोपायची हौस एकदा चांगलीच नडली होती, त्यामुळे त्याचाही एक पाय निळा. दाराच्या कडीवर, मिठाच्या बरणीवर, उशीच्या अभ्र्यावर, जिथे हात लागेल तिथे थोडी थोडी नीळ असायचीच. परका माणूस आला की आधी आपल्या बाह्या सावरून बसायचा. गल्लीतली पोरं तिला निळी आजी म्हणायची आणि तिला ते आवडायचं.

अशा घरात तान्ह्या बाळाचे ओठ जरा निळसर दिसले, तर कोण कशाला घाबरेल?

घाबरली ती सून. सून रंगाच्या धंद्यातली नव्हती. तिच्या माहेरी घड्याळं दुरुस्त करायचे, आणि बारीकशा वस्तूकडे टक लावून बघायची सवय तिने तिथूनच आणली होती.

"आई, जरा बघता का? याच्या ओठांभोवती निळं दिसतंय."

रंगारणीने हातातलं कापड दोरीवर टाकलं आणि नातवाकडे बघितलं. जन्माला आला तेव्हा गालच गाल होते, म्हणून तिने त्याचं नाव ढब्बू ठेवलं होतं. ओठांच्या कडेला खरंच निळसर काहीतरी होतं. "मघाशी मी मुका घेतला ना त्याचा," ती म्हणाली. "माझंच लागलं असेल."

"पुसलं मी. जात नाही."

"नीळ पुसून गेली असती, तर आमची चूल कशावर पेटली असती गं?"

कुंपणापलीकडून शेजारची शिलाईवाली ऐकत होती. ती नेहमीच ऐकत असायची. "रंगाऱ्याच्या घरचं पोर आहे ते," ती म्हणाली. "पांढरं राहिलं असतं तर नवल." त्यावर सगळे हसले. सूनही हसली थोडीशी, कारण चारचौघांत एकटीने घाबरून बसण्यापेक्षा हसणं सोपं असतं.

बाळंतपणानंतर सुनेला मोठा ताप आला होता आणि त्यात तिचं दूध गेलं. ढब्बू पावडरच्या दुधावर वाढत होता. पावडर मोजून घालायची सुनेने, पण त्यासाठीचं पाणी हे खातं रंगारणीचं, आणि त्यात ती कुणाला बोट घालू देत नसे. तिचा पहिला मुलगा, म्हणजे आत्ताच्या मुलाच्या आधीचा, तान्हा असतानाच जुलाबाने गेला होता. कच्चं पाणी पाजलं म्हणून गेला, असं तेव्हाच्या डॉक्टरने तिच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर त्या घरात लहान मुलाच्या पोटात कच्च्या पाण्याचा थेंब गेला नाही.

पाणी विहिरीचं. चार घरांमध्ये मिळून ती एक विहीर, रंगारणीच्या सासऱ्याने खणलेली. पाणी असं नितळ की तळाचे दगड मोजावेत. रंगाऱ्यांना पाण्याची पारख असते. नळाच्या पाण्यात निळा मरगळतो, या पाण्यात तो उजळ येतो, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. विहिरीच्या वरच्या अंगाला मळेवाल्याचे कोबीचे वाफे होते, कोंबडीखताचा मोठा ढीग होता, आणि तो वरून पोत्यातलं पांढरं दाणेदार खतही सढळ हाताने टाकायचा. पण त्याचा वास काही विहिरीपर्यंत येत नव्हता. वास येत नाही म्हणजे काहीच येत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आणि रंगारणीचं उकळणं म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं उकळणं नव्हे. निळीचा रांजण कोमट राहायला हवा म्हणून कामाच्या खोलीत मंद चूल दिवसभर चालू असायची. त्याच चुलीवर एका बाजूला तिचं जाड बुडाचं पातेलं असे. त्यातलं पाणी खदखदत राही, कमी झालं की ती वरून तांब्याभर ओती, पुन्हा खदखदू देई. पातेल्याच्या कडेला पांढरा थर धरायचा. तो नखाने खरवडून ती सुनेला दाखवायची. "बघ, केवढी घाण मागे राहिली. ही पोटात गेली असती."

सून बघायची आणि खरंच हायसं वाटून घ्यायची.

मग एका सकाळी ढब्बूने बाटली तोंडात घेतली आणि तशीच सोडून दिली. रडला नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं, असं रंगारणीला नंतर किती वेळा वाटलं. तो नुसता पडून होता, आणि त्याचा रंग आता ओठांपुरता राहिला नव्हता. कानाच्या पाळ्या, पायांचे तळवे, सगळं पाटीसारखं करडं-निळं झालं होतं. सुनेने त्याला उचललं आणि अनवाणी दवाखान्याकडे धावत सुटली. रंगारीण ओल्या हातांनी तिच्या मागे.

दवाखान्यातल्या डॉक्टरने स्पिरिटचा बोळा घेऊन ढब्बूचा ओठ घासला. एकदा, दोनदा. बोळा पांढराच राहिला.

"हा रंग बाहेरून लागलेला नाही," तो म्हणाला, आणि त्याने फोन उचलला.

आपण कितीदा हसण्यावारी नेलं ते रंगारणीला एकदम आठवलं, आणि नेमकं ते कुंपणावरचं हसणं कानातून जाईना.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बाळाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा ठेवला, तरी रंग काही बदलेना. मुलांच्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. त्यांनी इवल्याशा हातातून रक्त काढलं. ते तपकिरी होतं. रंगारणीने आयुष्यात तपकिरी हजार वेळा केला होता, सालींचा, काथाचा, गंजाचा. पण तो माणसाच्या आत नसतो, हे कळायला रंगारी असावं लागत नाही.

मग नर्सने एक सुई आणली. सुईच्या नळीत गडद निळं काहीतरी होतं. रांजणातल्यापेक्षाही गडद.

"हे काय घालताय त्याला?" रंगारीण पुढे आली. "अहो, तो आधीच निळा झालाय."

"औषध आहे, आजी," डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "याचा रंगच असा असतो. बाजूला व्हा जरा."

ती बाजूला झाली. निळं औषध हळूहळू पोराच्या हातात उतरलं. सुनेने डोळे मिटून घेतले होते. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बघत होती ती एकटी रंगारीण, कारण कशावर कुठला रंग चढतोय हे बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. तिने बघितलं की आधी जीभ उजळली. मग ओठ. मग कितीतरी वेळाने कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या, आणि ढब्बू असा काही रडला की शेजारच्या खाटेवरचं बाळही जागं झालं.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावून सांगितलं. रक्त हवा उचलतं आणि अंगभर पोचवतं. याचं रक्त हवा धरायचंच विसरलं होतं. रंगारणीला ते लगेच उमगलं, पण उलटं. तिचं कापड रांजणातून बाहेर काढलं की पिवळट-हिरवं असतं आणि हवा लागली की निळं होतं. हे पोर हवा न लागल्यामुळे निळं झालं होतं.

"कशामुळे होतं असं?" मुलाने विचारलं.

"बऱ्याच गोष्टींनी होतं. तुम्ही काम काय करता?"

"रंगाचं. कापडं रंगवतो."

डॉक्टरीणबाईंची नजर रंगारणीच्या हातांवर गेली. मग मुलाची गेली. मग सुनेची. एवढी मोठी खोली, आणि सगळे तिच्या दहा बोटांकडे बघत होते.

"रंगातल्या काही रसायनांनी असं होऊ शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नक्की आत्ताच सांगता येणार नाही. पण बाळाला सध्या रंगापासून अगदी लांब ठेवा. आणि पाणी कुठलं देता?"

"विहिरीचं," रंगारीण घाईने म्हणाली. निदान ही एक गोष्ट तरी तिच्या बाजूची होती. "पण मी उकळून देते. चांगलं खळखळून."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या मागे आणखी दोन खाटांवरची बाळं होती आणि तिसरं दारात येऊन थांबलं होतं. चांगली बाई, पण त्या एका 'छान'ने पाण्याचा विषय तिथेच मिटला.

घरी आल्यावर रंगारणीने रांजणावर झाकण ठेवलं आणि झाकणावर दगड. पुड्यांतला काळा आणि लाल रंग मुलाने डब्यात भरून गल्लीच्या टोकाला मित्राकडे नेऊन ठेवला. बाळाच्या खोलीला पांढरा हात मारला. अभ्रे, दुपटी, पडदे, सगळं नवीन. धंदा बंद. मुलगा मळेवाल्याकडे रोजावर जायला लागला आणि संध्याकाळी खताच्या पोत्यांचा वास घेऊन यायचा. त्या वासाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. या घराने आता फक्त एका रंगाला भ्यायचं ठरवलं होतं.

रंगारणीने हात घासले. आधी साबणाने, मग लिंबाने, मग राखेने, शेवटी टाच घासायच्या दगडाने. कातडी सोलवटली, नखांच्या कडांतून रक्त आलं, पण निळा हलला नाही. जन्मभर पक्का रंग देते म्हणून नाव कमावलं होतं. आता तेच भोगत होती.

सून तिला एका शब्दाने बोलली नाही. पण रंगारीण जवळ आली की ती बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची. ते ती मुद्दाम करत नसे, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं. शेवटी रंगारीणच म्हणाली, "मला देऊ नकोस त्याला. मी लांबूनच बघेन."

मग ती बाळाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि म्हणायची, "दाखव बरं." सून ढब्बूची मूठ उघडून त्याची नखं तिच्याकडे करायची. गुलाबी. दोघी सुस्कारा टाकायच्या. थोड्या वेळाने पुन्हा, "दाखव बरं." दिवसात कितीदा ते विचारू नका. घरातल्या माणसांचा जीव त्या इवल्याशा नखांना टांगलेला होता, आणि पोराला वाटत होतं आजी खेळतेय.

एवढं सगळं हातातून गेल्यावर तिच्याकडे एकच काम उरलं होतं: पाणी. ते तिने असं धरलं की बस. चूल आता कामाच्या खोलीतून स्वयंपाकघरात आली. पातेल्यासमोर पाट टाकून ती बसून राहायची. पूर्वी लक्ष असायचं-नसायचं. आता ती डोळ्यांत तेल घालून बघायची. पाणी निम्म्यावर आलं तरी तिचं समाधान होईना. आणखी थोडं, आणखी थोडं. काठोकाठ भरलेलं पातेलं बुडाशी चार बोटं राहिलं की मगच ती ते फडक्यातून गाळून थर्मासमध्ये भरायची, आणि थर्मास उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायची. हात लावायची बंदी असलेल्या आजीला नातवासाठी करता येण्यासारखं तेवढंच होतं. ती ते जीव ओतून करत होती.

आणि मग तिला तो रंग पुन्हा दिसला.

दुपारची वेळ होती. सून खिडकीशी बसून ढब्बूला बाटली पाजत होती. "दाखव बरं," रंगारीण म्हणाली, सुनेने मूठ उघडली आणि म्हणाली, "छान आहेत की." आणि होतीच छान, कुणालाही वाटली असती. पण पांढरं कापड रांजणात बुडवून लगेच बाहेर काढलं, तर त्याच्यावर एक छटा येते. लोक त्याला पांढरंच म्हणतात. फक्त रंगाऱ्याला कळतं की ते आता पांढरं राहिलेलं नाही. ढब्बूच्या नखांवर ती छटा होती.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते फार वाईट होतं, आणि ते सांगायलाच हवं: बोलावं का? घरात रंगाचा कण नाही, रांजणावर दगड आहे, मग आता हे कुठून आलं, असं विचारतील. मग सगळे पुन्हा तिच्या हातांकडे बघतील. तू त्याला हात लावलास का, असं मुलगा विचारेल. विचारणार नाही, पण बघेल तसं. ती उंबऱ्यावर उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "आत्ता निघायचं. दवाखान्यात."

"आई, अहो पण काहीच तर..."

"मला दिसतंय. ऊठ."

सुनेने एकदा बाळाकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि उठली. वाद घातला नाही. शहरात पोचेपर्यंत तिलाही दिसायला लागलं होतं.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. तीच निळी सुई आली. या वेळी पोर तेवढं खालावलं नव्हतं, रंग लवकर परतला. मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर नीट बसल्या.

"घरात रंग होता?"

"नाही," मुलगा म्हणाला.

रंगारीण खाली बघत होती. तिने हात पिशवीखाली धरले होते.

"आईंनी तर त्याला हातसुद्धा लावलेला नाही," सून म्हणाली. "मागच्या वेळेपासून एकदाही नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "मग पुन्हा पहिल्यापासून बघू. याच्या तोंडात काय काय जातं?"

"दुधाची पावडर आणि पाणी. बाकी काहीच नाही."

"पाणी आहे का आत्ता बरोबर?"

थर्मास पिशवीतच होता. डॉक्टरीणबाईंनी खालच्या प्रयोगशाळेतून पट्ट्यांची एक डबी मागवली. थर्मासमधलं पाणी वाटीत ओतून त्यात एक पट्टी बुडवून काढली. पट्टीच्या टोकाचा चौकोन पांढरा होता, तो गुलाबी झाला, मग गडद गुलाबी, मग जांभळट. डॉक्टरीणबाईंनी ती डबीवरच्या छटांना लावून बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मुलाला विचारलं, विहिरीतलं कच्चं पाणी आणता येईल का, आत्ताच. तो गेला आणि बाटली भरून घेऊन आला.

दुसरी पट्टी कच्च्या पाण्यात बुडवली. तीही गुलाबी झाली. पण पहिलीइतकी नाही.

डॉक्टरीणबाई बोलायच्या आधीच रंगारणीने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. छटा जुळवणं हेच तिने आयुष्यभर केलं होतं. कच्च्या पाण्याची पट्टी डबीवरच्या मधल्या घरांत बसत होती. उकळलेल्या पाण्याची शेवटच्या घराच्याही पुढे गेली होती, तिला जुळेल असं घरच डबीवर नव्हतं.

रांजणातला रंग पातळ झाला आणि फेकवत नसला, की ती तो चुलीवर आटवायची. पाणी उडून जातं, रंग मागे राहतो, गडद होतो. तिच्या सासूने तिला शिकवलेली ही पहिली गोष्ट होती.

"आटलं," ती म्हणाली. "मी आटवलं ते."

डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं. नायट्रेट म्हणतात याला. खतांतून, शेणा-विष्ठेतून जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला सहसा इतकं जाणवत नाही, पण एवढ्याशा बाळाचं रक्त त्याने बिघडतं. उकळल्याने जंतू मरतात. हे मरत नाही, कारण हे जिवंतच नसतं. उलट पाणी जितकं आटेल तितकं ते दाट होतं. "मागच्या वेळी मीही थांबले नाही," त्या म्हणाल्या. "उकळलेलं म्हणालात आणि मी पुढे गेले. तेव्हाच तपासायला हवं होतं."

रंगारणीला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. ती सुनेकडे बघत होती. सून बाळाकडे बघत होती आणि काही बोलत नव्हती.

घरी येतानाही बोलली नाही. ढब्बू सुधारला, गालांवर पुन्हा गाल चढले. शाळेजवळच्या नळाचं पाणी डॉक्टरीणबाईंनी तपासून बरं म्हणून सांगितलं होतं. मुलगा रोज सकाळी तिथून कॅन भरून आणू लागला. विहिरीचं पाणी आता फक्त धुण्याला आणि रंगाला. हो, रंगाला, रंगाचा काही दोष नव्हता असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितल्यावर रांजणावरचा दगड निघाला. रंगारणीने काम सुरू केलं. पण उंबऱ्याच्या आत ती गेली नाही. सून एखाद दिवशी बोलेल, तुम्ही माझ्या मुलाला काय पाजलंत असं एकदाचं म्हणेल, म्हणून ती वाट बघत होती. शिवी खाल्ली असती तिने. हे गप्प राहणं सोसवत नव्हतं. चूक कबूल करायला तोंड उघडावं, तर शब्द सापडत नव्हता, आणि मुलालासुद्धा ती त्या दिवसानंतर त्याबद्दल काही बोलली नव्हती.

मुलाने बाकीच्या तीन घरांना सांगितलं होतं: विहिरीचं पाणी पिऊ नका, तान्ह्या बाळांना तर थेंबही नको. पण बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना झिजते. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ती एवढीच उरली की विहिरीचं पाणी जरा खराब आहे.

एका दुपारी रंगारीण विहिरीशेजारी कापड पिळत होती, तेव्हा शिलाईवाली बादली घेऊन आली. तिच्या सुनेला नुकतीच मुलगी झाली होती, आणि अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून पावडर आणली होती, हे गल्लीला माहीत होतं. शिलाईवालीने बादली खाली सोडली, भरली, वर ओढली.

"ते पिण्यासाठी नको हं," रंगारीण म्हणाली.

"कळलंय मला. तुझा मुलगा सांगून गेला. मी काय तसंच देणार आहे का? उकळून घेईन की."

"डॉक्टर म्हणतात, उकळून उपयोग नाही."

"डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस. आधी म्हणाले रंग, मग म्हणाले पाणी, उद्या म्हणतील हवा." शिलाईवालीने बादली कमरेवर घेतली. "आणि तुझंच बघून तर मी जाड बुडाचं पातेलं आणलं नवं. तुझी कशी दिवसभर चूल चालू असायची. उकळलेल्या पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय का?"

रंगारणीच्या हातातलं कापड तसंच राहिलं. मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि दारात सून होती, बाळ कडेवर, हे तिला न बघताही कळत होतं. सुनेसमोर हे बोलायचं म्हणजे मरण होतं.

"माझ्या नातवाचं झालं," ती म्हणाली.

"ते पाण्याने गं, उकळण्याने कसं..."

"मी केलं. ऐक माझं. विहिरीत विष थोडं होतं, मी ते आटवून दाट केलं. पातेलंभर पाण्यातलं सगळं चार बोटांत आणलं आणि रोज त्याला दिलं. पहिल्यांदा नकळत दिलं. दुसऱ्यांदा तर चुलीसमोर बसून, आणखी आटव, आणखी आटव करत दिलं. जीव लावून दिलं. तो माझ्या हातांनी निळा झाला नव्हता, माझ्या पाण्याने झाला होता. मी दोन्ही पट्ट्या डोळ्यांनी बघितल्यात. तू ते पातेलं चुलीवर ठेवू नकोस, पाया पडते तुझ्या."

शिलाईवालीने बादली खाली ठेवली.

सून पायऱ्या उतरून अंगणात आली. "बाटली मीच भरत होते," ती शिलाईवालीला म्हणाली, पण ते तिने सांगितलं दुसऱ्याच कुणाला तरी. "आणि तो पांढरा थर बघून मलाच बरं वाटायचं. दुसऱ्या वेळी मला काही दिसलंसुद्धा नव्हतं. आईंनी ओळखलं म्हणून वेळेवर पोचलो." मग ती रंगारणीकडे वळली. "आई, याला धरा जरा. मी काकूंना शाळेच्या नळावर घेऊन जाते. कॅन एकटीला उचलायची नाही."

"माझे हात रंगाचे आहेत गं."

"असू देत."

तिने ढब्बूला सासूच्या हातात दिलं, शिलाईवालीची बादली मोरीत रिकामी केली, आणि दोघी फाटकाबाहेर पडल्या. रंगारीण विहिरीच्या कट्ट्यापासून लांब जाऊन पायरीवर बसली. पोर बरंच जड झालं होतं. त्याने तिचं निळं बोट मुठीत धरलं आणि तोंडाकडे न्यायला लागला. तिने बोट सोडवून घेतलं, मूठ उघडली आणि नखं बघितली. गुलाबी होती. थोड्या वेळाने तिने पुन्हा बघितली.